पायवाटेवरची मावशी

३ ऑक्टोबर, मंगळवार

इरिओमोतेला येऊन आज पाच आठवडे झाले आणि ज्या प्राण्यासाठी ओसाकातलं घर, नवरा आणि एसी सोडून आले, त्याचं शेपूटसुद्धा मी अजून या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. या बेटावर त्या जातीची रानमांजरं आहेत शंभरच्या आसपास. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाहीत. किराणा दुकानातल्या बाई चाळीस वर्षं इथे राहतात, त्यांना एकदाही दिसलेलं नाही. आमच्या लॅबला रानात मदत करणारे ओशिरो-सान इथलेच शेतकरी, वय एकाहत्तर. त्यांना आयुष्यात सात वेळा दिसलंय. "सात म्हणजे खूपच झालं," असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले, जणू मी हावरट आहे. आहेच मी.

मोरिमोतो-सेन्सेईंचा, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांचा, नियम साधा आहे. कॅमेऱ्यांची कार्डं पंधरा दिवसांनी एकदाच बदलायची. माणूस रानात जितका कमी तितका बरा. पाच कॅमेरे आहेत. चार रानात ओढ्याच्या काठाने, रस्त्यापासून वर चढत गेलेले. पाचवा रस्त्याखालच्या बोगद्याच्या तोंडाशी. बेटावर मोठा रस्ता एकच. त्याच्या एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला भातशेतं. मांजरं बेडकांसाठी शेतात जातात आणि गाड्यांखाली येतात, म्हणून रस्त्याखालून त्यांच्यासाठी बोगदे केले आहेत.

पंधरा दिवस थांबणं मला काही जमत नाही. मी रोज जाते. सेन्सेईंना सांगितलेलं नाही. विचारलं तर सांगेन.

५ ऑक्टोबर

आज अंगावर काटा आला. तिसऱ्या कॅमेऱ्यात मावशी आहे.

लॅबमध्ये तिला अडतीस नंबर म्हणतात. कमरेवरच्या ठिपक्यांवरून ती ओळखू येते. नावं द्यायची नाहीत, नाव दिलं की जीव गुंततो, असं सेन्सेई म्हणतात. पण मांजराला वाघाची मावशी म्हणतच मी मोठी झाले, त्याला माझा काय इलाज? आणि जीव गुंतायचा राहिलाय थोडाच.

कॅमेरा हालचाल झाली की तीस सेकंद चालतो. पाच अठ्ठेचाळीसला मावशी ओढ्यात उतरली, पोटापर्यंत पाण्यात, आणि थांबली. पुढची क्लिप पाच एकोणसाठची. मधली अकरा मिनिटं कॅमेऱ्याला हालचाल म्हणून काही सापडलीच नाही. वाहत्या पाण्यात अकरा मिनिटं! मग तिने डोकं कानांसकट पाण्याखाली घातलं, क्षणभर तिथे मांजर नव्हतं, फक्त एक पाठ होती, आणि वर आली तेव्हा तोंडात कोळंबी वळवळत होती. ती तिथेच कुरुमकुरुम चावून खाल्ली. आवाजसुद्धा आलाय.

आपल्या घरातलं मांजर अंगावर थेंब पडला तर चार दिवस रुसतं. पण इथे मूळचे उंदीरच नव्हते. उंदरांवाचून मांजर जगायचं कसं? तर या बाईच्या पूर्वजांनी ठरवलं, मिळेल ते. बेडूक, सरडे, खेकडे, रातकिडे, पक्षी, साप. हजारो वर्षं त्यांनी इतकंच केलं आणि टिकले. मला एवढा आदर आजवर कुणाबद्दल वाटला नव्हता.

९ ऑक्टोबर

ओसाकाहून धीरजचा फोन. ऑफिसमधून घरी येताना ट्रेनमध्ये बोलता येत नाही, म्हणून स्टेशनवर उतरून बोलत होता.

"मग? दिलं का दर्शन तुझ्या मावशीने?"

"नाही रे. पण जवळ आलेय मी. फील होतंय."

"फील होतंय म्हणजे? डेटा काय म्हणतो?"

"डेटापण तेच म्हणतो. एक नंबरच्या कॅमेऱ्यात वाढलीय ती. आधी वरच्या कॅमेऱ्यांतच दिसायची, आता खाली यायला लागलीय. माझ्याकडे."

"तुझ्याकडे!" म्हणून तो हसत सुटला. आयटीतल्या माणसाला काय कळणार.

रानातलं जाणंही आता सोपं झालंय. सुरुवातीला गाडीतून उतरून पहिल्या कॅमेऱ्यापर्यंत चाळीस मीटर जायला वीस मिनिटं लागायची. नेचे कमरेएवढे, आणि मधेमधे केवड्याच्या जातीची ती काटेरी झुडपं, अदान म्हणतात त्यांना. हातापायांवर ओरखडेच ओरखडे. आता छान पायवाट पडलीय. मी एक फांदी तोडलेली नाही, शपथेवर सांगते. नुसत्या रोजच्या जाण्यायेण्याने नेचे आडवे झाले आणि माती घट्ट बसली. रस्त्यापासून थेट ओढ्यापर्यंत. तीन मिनिटांत पोचते.

१२ ऑक्टोबर

काल पाऊस झाला होता, पायवाटेवर चिखल होता. त्यात कालच्या माझ्या बुटाचा ठसा, आणि त्या ठशाच्या बरोबर मधे मावशीचा पंजा! चार बोटं, नखांची खूण नाही, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा. मी तिथेच चिखलात बसले. माझ्या पावलावर पाऊल ठेवून चालली ती. किती वेळ बघत होते कोण जाणे, उठले तेव्हा पाय बधिर झाले होते.

ओळखायला लागली मला. दुसरा अर्थ नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ओशिरो-सानांच्या बांधावर चहा. आपल्याकडे तळ्याकाठी दिसते तीच पांढऱ्या छातीची पाणकोंबडी त्यांच्या भातातही असते, तशीच 'क्वाक क्वाक' करून डोकं उठवते. मी त्यांना कालचा व्हिडिओ दाखवला. मावशी गवतात जमिनीला चिकटून सरकते. पाणकोंबडीने मान वर केली की थांबते, खाली घातली की वीतभर पुढे. शेवटची उडी दिसतच नाही इतकी जलद. आणि पुढचं तर मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. बाकीची मांजरं मान मोडतात. मावशीने पक्षी नुसता तोंडात धरला आणि तशीच उभी राहिली. पंख तिच्या तोंडावर फडफडत होते, ती डोळेसुद्धा मिटत नव्हती. फडफड थांबली तेव्हा एकदा कान हलवला आणि निघाली. घाई नाही, राग नाही. मला क्रूर वाटायला हवं होतं, पण देवळात वाटतं तसं वाटलं.

ओशिरो-सानांनी व्हिडिओ पुन्हा एकदा लावून पाहिला. मग भलतीच गोष्ट सांगायला लागले.

"माझ्या लहानपणी आमच्या शेतात रानडुक्कर कधी यायचं नाही. मग वडिलांनी वरच्या झऱ्याचं पाणी आणायचं ठरवलं. रोज सकाळी वर जायचे, दगड सारायचे, खाली यायचे. दुसऱ्या वर्षी सगळं भात डुकरांनी खाल्लं."

"का? पाण्यामुळे?"

"पाणी त्यांना वर होतंच की." ते कपातला चहा फिरवत राहिले. "अश्लेषा-सान, तुम्ही रोज जाता ना वर?"

मी हो म्हणाले. ते म्हणाले, "पाय चांगले आहेत तुमचे." या वयात माणसं अशी विषयांतरं करतात. पण गोष्ट छान होती, म्हणून लिहून ठेवली.

१६ ऑक्टोबर

बोगद्याच्या कॅमेऱ्यात पंधरा दिवसांत मावशीचा एकही फोटो नाही. सप्टेंबरात दर दोन-तीन दिवसांनी असायचा. बॅटरी गेली असणार. नवीन घातली.

२० ऑक्टोबर

आता मला तिचा दिवस पाठ झालाय. माझा स्वतःचा इतका शिस्तीत कधी गेला नाही. पहाटे साडेपाचला उठाठेव सुरू. ओढ्याकाठी बेडूक, नाहीतर दगडाखालचे खेकडे. सात वाजता सपाट दगडावर अंग चाटणं. हे काम ती मन लावून करते, पंजाची प्रत्येक फट उघडून. दिवस वर आला की झाडाच्या ढोलीत झोप. दुपारी सर्पगरुड वरून ओरडतो तेव्हा फक्त एक कान ढोलीबाहेर दिसतो, मागच्या बाजूला पांढरा ठिपका असलेला. चार साडेचारला पुन्हा बाहेर, ताणून आळस, नखं घासणं, आणि मग फेरी. ठरलेल्या दगडावर, ठरलेल्या बुंध्यावर मुताची पिचकारी, इथे मी राहते, अशी पाटी लावल्यासारखी.

आणि आजची बातमी म्हणजे पायवाटेच्या मधोमध तिची विष्ठा! ताजी, बेडकाच्या हाडांसकट. मी धीरजला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "जेवतोय ग बाई." त्याला काय सांगू, की ही तिची सही आहे. पायवाट आपली म्हणून तिने मान्य केली आहे. आमच्या दोघींची.

२४ ऑक्टोबर

आज दसरा, आणि सोनंच लुटलं म्हणायचं. मावशीला पिल्लू आहे.

एक नंबरचा कॅमेरा, काल संध्याकाळी पाच एकेचाळीस. मावशी तोंडात जिवंत बेडूक घेऊन आली. पाठोपाठ ते. पाचेक महिन्यांचं, कान अंगापेक्षा मोठे. मावशीने बेडूक खाली सोडला. बेडकाने उडी मारली, पिल्लाने त्याच्या मागे मारली ती थेट चिखलात तोंडावर. मावशी बघत बसली. बेडूक निसटायला लागला की ती पंजाने अडवून परत पुढ्यात आणून ठेवायची. पाच वेळा. सहाव्या वेळी पिल्लाने धरला, आणि तस्साच तोंडात धरून उभं राहिलं, आई पाणकोंबडीला धरून उभी होती तसं. हे त्याला कुणी सांगितलं? मी लॅपटॉपसमोर एकटीच टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात मोठी मजा पुढे. संपल्यावर दोघं वर रानात गेली नाहीत. माझ्या पायवाटेने खाली आली, मागेपुढे, शाळेतून घरी निघाल्यासारखी.

सेन्सेईंना लगेच व्हिडिओ पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं. "अप्रतिम. कॅमेरा एक रस्त्यापासून किती अंतरावर?" मी उत्साहाने लिहिलं, फक्त चाळीस मीटर! त्यावर काही आलं नाही. मीटिंगमध्ये असतील.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

सकाळी सात वाजता ओशिरो-सानांचा फोन. "रस्त्यावर या." एवढंच. मी पोचले तेव्हा ते माझी गाडी रोज उभी असते तिथे, पण रस्त्याच्या पलीकडे, शेताच्या बांधावर उकिडवे बसले होते. बांधाच्या ओल्या मातीत ठसे होते. मोठे आणि त्यांच्या शेजारी छोटे. रस्त्याकडून आलेले.

मी म्हणाले, "पण बोगदा तर तिकडे आहे, दोनशे मीटरवर."

त्यांनी फक्त मान वळवून समोर पाहिलं. मीही पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे हिरव्या भिंतीत एकच फट होती, माणसाच्या रुंदीची, आतली माती गुळगुळीत. माझी पायवाट.

ओशिरो-सान हळू आवाजात म्हणाले, "झाडीतून कशाला जाईल ती? प्राण्यालाही सोपं तेच आवडतं. पिल्लू बरोबर असलं की जास्तच."

मला तेव्हा त्यांच्या वडिलांची डुकरं कळली. बोगद्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी गेली नव्हती. मावशी तिथे जायचीच बंद झाली होती. ती मला ओळखत नव्हती. माझ्याकडे येत नव्हती. मी तिला रोज दोनदा चालून एक गुळगुळीत रस्ता करून दिला होता, ओढ्यापासून थेट डांबरापर्यंत, आणि ती त्याने पिल्लाला शिकवत होती की शेतात जायचं ते असं. इतका डेटा माझ्या हातात होता आणि मी त्यात स्वतःचंच कौतुक वाचत बसले. पंधरा दिवसांचा नियम कुणी कंटाळा करून केला नव्हता. मी शिकलेली आहे, प्राणिशास्त्रात पीएचडी आहे, आणि ही गोष्ट मला एका शेतकऱ्याने चहा पाजून सांगितली तेव्हाही कळली नाही.

"तुम्ही स्पष्ट का नाही सांगितलंत मला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मला वाटलं, सांगितलंच," ते म्हणाले.

मग आम्ही ठरवलं. वाट बुजवायची. अदानची वाळलेली पानं त्यांच्याकडे ढीगभर होती, कडांना करवतीसारखे काटे असलेली. दुपारभर मोळ्या बांधल्या. चार वाजल्यापासून त्या वाटेवर आडव्या टाकत गेलो, खालून वर. ओशिरो-सान पुढच्या मोळ्या आणायला गाडी घेऊन गेले आणि मी एकटी राहिले, वाटेच्या मध्यावर. वरचा भाग अंथरून झाला नव्हता. खाली रस्त्याजवळ दोनच मोळ्या टाकल्या होत्या, त्याही बाजूने सहज ओलांडता येतील अशा.

पाच चाळीसला नेचे हलले.

ती वाटेवर आली. मधे काच नाही, स्क्रीन नाही. माझ्यापासून आठ पावलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान, आणि कशी सांगू, पूर्ण. तिच्यात काहीच जास्तीचं नव्हतं. गडद अंगावर काळे ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा, नाकाशी चिखल. तोंडात सरडा होता, जिवंत, शेपटी वळवळत होती. तिच्या मागे पिल्लाचे कान. वारा माझ्या तोंडावर होता, मी मोळीआड वाकलेली होते, त्यामुळे तिला मी कळलेच नव्हते. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्यावरून पलीकडे, खाली, रस्त्याकडे बघत होती.

किती वेळ पाहिलं? चार सेकंद असतील. तेवढे मी चोरले, कबूल करते. त्या चार सेकंदांत मला श्वास नव्हता, नाव नव्हतं, काही नको होतं. नुसतं हलले नसते तर ती माझ्या अगदी शेजारून गेली असती. पायाला शेपटी लागली असती.

आणि खाली रस्त्यावरून एक गाडी आली. रस्त्याला मुद्दाम खडबडीत पट्टे केलेत, चाकं गेली की घरघर वाजते, ती ऐकू आली. मावशीने फक्त एक कान फिरवला. घाबरली नाही. सवय झाली होती तिला. ती पुढे निघाली.

मी उठले आणि ओरडले. दोन्ही हात वर करून, मोळी फेकून, पोटातून. "हाड! हाड! चल नीघ! नीघ इथून!" आपण कुत्र्याला हाकलतो तशी. दगड उचलून नेच्यांत भिरकावला, तिच्यापासून लांब पडेल असा, पण भिरकावला. पाय आपटले. घसा फुटेपर्यंत मराठीतून शिव्या दिल्या.

तिने माझ्याकडे पाहिलं. सरडा खाली पडला. पिवळे डोळे, गोल, थेट. अख्ख्या महिन्यात मला तेवढंच हवं होतं, तिने माझ्याकडे बघावं. आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मीच घातलं होतं. दुसऱ्या क्षणी वाट रिकामी होती. नेचे वरपर्यंत हलत गेले, एक मोठी रेघ आणि तिच्यामागे एक छोटी.

ओशिरो-सान आले तेव्हा मी काट्यांतच बसले होते. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. माझा ओरडा गाडीपर्यंत ऐकू आला होता म्हणे. आम्ही अंधार पडेपर्यंत उरलेली वाट बंद केली.

२८ ऑक्टोबर

सेन्सेईंना फोन करून सगळं सांगितलं. रोजचं जाणंसुद्धा. ते म्हणाले, "मी परवा विमानाने येणार होतो, हेच विचारायला." ओरडले असते तर बरं झालं असतं.

पहिला कॅमेरा काढायचा. वरचे तीन तसेच राहतील, पण त्यांच्याकडे आता मी जाणार नाही. ओशिरो-सान जातील, दर वेळी वेगळ्या बाजूने, महिन्यातून एकदा. मी फक्त बोगद्याचा बघायचा, तोही रस्त्यावरून.

१२ नोव्हेंबर, रविवार

आज लक्ष्मीपूजन. धीरजने कोबेच्या दुकानातून घेऊन चकल्या पाठवल्यात, निम्म्या मोडल्यात. त्या ओशिरो-सानांबरोबर खाल्ल्या आणि मग बोगद्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं. मनात धाकधूक होती. दहा दिवस खेकडे आणि एक पाणकोंबडी, बाकी काही नाही. मी स्वतःला समजावत होते, की ती दुसरीकडे गेली असेल, जिवंत असेल, तेवढं पुरे.

अकराव्या दिवशी, पाच छत्तीस. बोगद्याच्या तोंडाशी मावशी. पाठोपाठ पिल्लू, आता जरा मोठं झालेलं. आत शिरणार तेवढ्यात वर रस्त्यावर माणसांचा आवाज येतो. कुणी पर्यटक असतील, गाडी थांबवून फोटो काढत होते, हसत होते. मावशी जागच्या जागी थिजते. कान मागे, पोट जमिनीला. पिल्लू दोन पावलं पुढे गेलेलं, ते वळून आईकडे बघतं. मग तेही कान पाडतं, पोट जमिनीला लावतं, आणि तिच्या कुशीत सरकतं. तीस सेकंद संपतात. पुढच्या क्लिपमध्ये आवाज नाहीत, आणि दोघं एकामागे एक बोगद्यातून पलीकडे जातात.

ओशिरो-सान म्हणाले, "शिकलं."

मी मान हलवली. बेडूक धरायला त्याला आईने शिकवलं होतं. हे मात्र माझं. या बेटावर माझ्याकडून एक जीव काही शिकला असेल, तर ते एवढंच, की माणसाचा आवाज आला की लपायचं. ते पिल्लू माझ्यासमोर आता कधीच येणार नाही, आणि तेच हवं होतं. मी चकली खात होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ओशिरो-सानांनी डबा माझ्याकडे सरकवला.